कोंडाआत्तीची वहिवाट

माझी बायको मालन औंदा गेली. तेराव्याच्या पंगतीत कोणी तरी म्हणालं, "मालनताई लय शांत बाई. आईवर न्हाई गेली." पंगत हसली. ज्यांनी तिच्या आईला बघितलं होतं ते मात्र हसले नाहीत. खाली बघून भात कालवत राहिले.

तिची आई म्हणजे माझी सासू, कोंडाबाई. मी तिला आत्ती म्हणायचो. आत्तीच्या गोष्टी सांगायचं काम घरात मालनचं होतं. मी मध्ये तोंड घातलं की ती म्हणायची, "आवं, आसं न्हवतं त्ये." आता मी काहीही सांगितलं तरी टोकणारं कोणी राहिलं नाही. त्यामुळं मलाच जपून सांगायला पाहिजे. मी चौथीपर्यंत शिकलेला, जन्म इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या ढकलण्यात गेला. बोलतो तसंच लिहितो, दुसरं येत नाही.

आत्ती बुटकी आणि रुंद. माहेर सातारा जिल्ह्यातलं, नदीकाठचंच. काष्टा घातलेली, दातात मिश्री, आणि चालायची पाय फाकून, जशी काही पायाखाली जमीन नाही, काहील आहे. आमच्या भोई लोकांत लाकडी नाव कोणाकडं नसायची. गूळ शिजवायची जुनी मोठी काहील घ्यायची, पाण्यात सोडायची, आत बसून वल्हं मारायचं. आत्तीचं वल्हं बाभळीचं होतं. तिनं त्या वल्ह्यानं पाणी जास्त मारलं का माणसं, हे सांगणं अवघड आहे.

तिची एक बोलायची रीत होती. कोणी भांडायला आलं, की ती आधी सांगायची, "लांब हुबा ऱ्हा, म्हंजी बोलता यील." लोकांना वाटायचं बाई घाबरली. मग ते आणखी पुढं यायचे आणि मार खायचे. तिचं म्हणणं सरळ होतं. माणूस हाताच्या टप्प्यात आलं की तिचा हात तिचं ऐकत नसे. तसं ती आधीच सांगत होती, न ऐकणाऱ्याला ती काय करणार?

मी मालनला बघायला गेलो तेव्हा मलाही म्हणाली, "पावणं, लांब बसा." मला वाटलं, रीत असेल. तरी मी सलगी दाखवायला जवळच बसलो. तिनं विचारलं, "दारू पितासा?"

"न्हाई," मी म्हणालो.

फाडकन कानाखाली बसली. माझा मामा उठून उभा राहिला. मला तर समोरची भिंतच दिसेना. आत्तीनं परत विचारलं, त्याच आवाजात, "दारू पितासा?"

"न्हाई म्हनलं की!"

"पोरगी दिली," ती म्हणाली. "दोनदा इच्यारलं तरी गडी एकच बोलला."

लग्नात हळद लावताना मालन माझ्या त्या गालाकडं बघून हसत होती. पुढं संसारात ती मला कधी मोठ्यानं बोलली नाही. म्हणायची, "तुमच्या वाटणीचं आयनं आदीच दिलंय."

आठवड्याच्या बाजाराला आत्ती सांगलीत मासे घेऊन बसायची. एकदा एक जाडा माणूस आला. प्रत्येक मरळीचे कल्ले उघडून बघत म्हणाला, "शिळी दिसतेय." आत्ती म्हणाली, "लांब हुबा ऱ्हावा." तो वाकला आणि आणखी एक मरळ दाबायला लागला. आत्तीनं तीच मरळ शेपटाकडून उचलली आणि त्याच्या तोंडावर आडवी हाणली. मरळ जिवंत होती. ती त्याच्या सदऱ्यात शिरली आणि तो बाजारभर नाचला. आत्ती मागून ओरडत होती, "शिळी हाय न्हवं? मग उड्या का मारतोस रं भाड्या?"

हे झालं हसण्यावारी. सगळंच हसण्यावारी नव्हतं.

आत्तीच्या गावाखाली, जिथं लग्नानंतर मीही राहायला आलो, कृष्णेनं फार पूर्वी आपलं पात्र सोडलं, तिथं एक वाकडं पाणथळ राहिलं. त्याला आम्ही जुनी नदी म्हणायचो. पावसाळ्यात छातीभर पाणी, उन्हाळ्यात गुडघाभर चिखल. लव्हाळा, पाणकणीस, मरळ, वांब. भोईवाडा त्या चिखलावर जगला. मासे खायचे, मासे विकायचे, लव्हाळ्याच्या चटया विणायच्या. आणि नदीला पूर आला की पाणी आधी तिथं पसरायचं, मग आमच्या उंबऱ्याकडं बघायचं. जुनी नदी होती म्हणून भोईवाड्याच्या भिंती उभ्या होत्या. सरकारच्या कागदाला मात्र ती फक्त पड जमीन होती, सरकारी पड.

जुन्या नदीच्या पलीकडच्या काठाला दुसरी वाडी. लव्हाळा कोणी कुठपर्यंत कापायचा यावरून दोन्ही काठांत दरसाल काठ्या निघायच्या. मालन परकरातली पोर असताना अशाच एका भांडणात तिचा बाप मारुती गेला. मालन बांधावर उभी होती, तिनं बघितलं. पलीकडचा रावजी नावाचा पैलवान गडी होता, त्याची काठी मारुतीच्या डोक्यात बसली. मारुती पाण्यात तोंडावर पडला आणि चार गडी भांडणाच्या नादात त्याच्या पाठीवर पाय देऊन गेले. वर काढला तेव्हा तोंडात, नाकात सगळा चिखल. आत्तीनं बोट घालून तो चिखल काढला. काढत राहिली. माणूस गेला होता.

पोलीस आले तर दोन्ही वाड्यांचे गडी आत जाणार. म्हणून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं आणि पंचनाम्यात लिहून दिलं, पाय घसरून पाण्यात पडून मयत. आत्तीचा अंगठा घेतला. तिनं दिला. सुतक फिटल्यावर मात्र भर दिवसा, भरल्या बाजारात, वल्हं घेऊन ती रावजीसमोर गेली. "लांब हुबा ऱ्हा," म्हणाली. तो हसला आणि पुढं आला. एका फटक्यात त्याचा जबडा कानापासून सुटला. दात मातीत पडले. रावजी आयुष्यभर वाकड्या तोंडानं जेवला.

त्यानंतर मात्र भांडण मिटलं. जुन्या नदीच्या मधोमध उंचवट्यावर वड होता, त्याच्या अलीकडचा लव्हाळा आमचा, पलीकडचा त्यांचा. कोणी परत रेघ ओलांडली नाही. आत्ती म्हणायची, "ही रेघ माज्या नवऱ्यानं आखलीया."

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा विहिरी खडखडल्या, पण जुन्या नदीत पाणी राहिलं. आत्ती काठावर वल्हं घेऊन बसली. कोणालाही हंडा भरू द्यायची. बौद्धवाड्यातल्या बायांना गावच्या विहिरीवर उभं करत नव्हते, त्यांनाही तिनं आमच्याच घाटावर बोलावलं. कोणी कुरकुरलं तर वल्हं होतंच. मग एका बड्या बागायतदारानं उसासाठी तिथं इंजिन आणून बसवलं. पाणी भसाभसा ओढायला लागलं, मासे चिखलात तडफडायला लागले. आत्ती कोयता घेऊन पाण्यात उतरली आणि पाइप तोडला. बागायतदाराच्या गड्यानं तिला केसाला धरून ओढली. तिनं त्याच्या दंडाचा एवढा लचका तोडला की तो बायकांसारखा बोंबलला. लचका थुंकून ती म्हणाली, "इंजान घिऊन जा. मांस ऱ्हाऊ दे, माशास्नी हुईल."

दुष्काळ सरला आणि सरकार आलं.

नवा पाट काढायचा होता. त्याचं वर्कशॉप, गोदामं, साहेब लोकांची वसाहत, एवढं सगळं जुन्या नदीवर येणार होतं. पड जमीन भराव टाकून वर उचलायची. मोजणीवाले साहेब फार चांगल्या शब्दांत बोलले. म्हणाले, "डास कमी होतील. तुमच्या मुलांना कामं मिळतील."

आत्ती म्हणाली, "आन् पुराचं पाणी कुटं जाईल, सायेब?"

"त्याचा विचार होईल."

"लांब हुबा ऱ्हा," आत्ती म्हणाली. साहेब शहाणा होता, लांब झाला.

गावातल्या मास्तरानं सांगितलं, मारामारी करू नका, कोर्टात जावा. म्हणून मी, आत्ती आणि भोईवाड्यातली शेवंता असे सांगलीला विश्रामबागेत एका वकिलाकडं गेलो. शेवंता आत्तीच्या धाकट्या जावेची बहीण, तरुण विधवा, चटया विणण्यात पहिल्या नंबरची. वकील दम्याचा माणूस, पण डोकं तरतरीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "दावा होतो. पण सरकारवर दावा लावायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. नोटिशीनंतर दोन महिने थांबायचं. सरकारला विचार करायला वेळ."

आत्ती म्हणाली, "आन् त्ये दोन म्हैनं सरकार थांबतंय व्हय?"

"नाही. सरकारवर तशी सक्ती नाही."

आत्ती एवढी हसली की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावला. "म्हंजी आमी हात बांधून बसायचं, आन् त्येनी तवर नदी भरायची. मग तुमी कोर्टात जाऊन कुटली नदी इच्यारनार?"

"त्या दोन महिन्यांत," वकील बोट उगारून म्हणाला, "तुम्ही कोणावर हात उचललात, फौजदारी झाली, तर दावा मेला. मला शांत माणसं पाहिजेत, कोंडाबाई. अडवा, बसा, रडा. मारायचं नाही."

आम्ही एस.टी.नं परत आलो. स्टँडवर उतरल्यावर आत्ती म्हणाली, "पावणं, ह्या हाताचं काय करायचं?" उजवा हात पुढं धरून माझ्याकडं बघत होती. थट्टा नव्हती ती.

ट्रक आले त्या दिवशी तिनं मालनला हाक मारली. "मालने, बांध." मालननं लुगड्याच्या धडप्यानं तिचा उजवा हात अंगाशी घट्ट बांधला, गाठी मागं पाठीवर. अशी आत्ती सगळ्या बायकांच्या पुढं जुन्या नदीत उतरली आणि जिथं मुरूम पडणार होता तिथं कमरेएवढ्या चिखलात बसली. बायका बसल्या. आम्ही गडी वर बांधावर. वकिलानं सांगितलं होतं, गड्यांनी पुढं व्हायचं नाही, गडी पुढं झाले की दंगल म्हणतात.

असं रोज चाललं. ठेकेदाराची माणसं शिव्या द्यायची, वरून ढेकळं मारायची. बायकांची डोकी फुटली. आत्तीच्या भुवईवर खोक पडली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती बांधल्या हातानं बसून होती. एकदा मुकादम खाली उतरून एका बाईला लाथेनं ढकलायला लागला. आत्ती उठली. हात बांधलेला. तिनं डोकं खाली घातलं आणि एडक्यासारखी त्याच्या छातीत घुसली. तो चिखलात उताणा. वर उभी राहून ती आम्हाला ओरडून विचारते, "पावणं, वकिलानं हाताचंच म्हनलं हुतं न्हवं? टकुऱ्याचं काय बोलला न्हाई?"

आम्ही हसलो. मुकादम हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रक मागं घ्यायला लावला, थेट बायकांच्या वर आणून उभा करवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "टाक." ड्रायव्हर थांबला. मुकादमानं केबिनमध्ये चढून स्वतः दांडा ओढला. मुरूम सगळा धबाधबा खाली आला. बायका पळाल्या. शेवंता मधोमध होती. दगड-मुरमाखाली तिचे दोन्ही पाय गेले. तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. आत्ती एका हातानं उकरत होती. मालन ओरडली, "आय, सोडू का गाठ?" आत्ती म्हणाली, "सोडू नगंस! सोडलीस तर जीव घीन कुनाचा तरी." दातांनी दगड ओढावेत अशी ती ओढत होती. आम्ही सगळे उतरलो तेव्हा शेवंता निघाली. एक पाय वाचला. दुसऱ्याची नळी फुटून कातड्याबाहेर आली होती. तो पाय पुढं वाळला, आणि शेवंताच्या काखेत कायमची कुबडी आली.

तिथं काम थांबलं, शेवंताच्या पायावर थांबलं. तेवढ्यात नोटिशीची मुदत भरली, दावा लागला आणि कोर्टानं निकालापर्यंत मनाई दिली. भोईवाड्यात गुलाल उडाला. आत्तीनं गुलाल लावून घेतला नाही. शेवंताच्या दारात बसून राहिली.

आता साक्षी. वकील आत्तीला समजावत होता. "कोंडाबाई, हक्क कशानं शाबीत होतो? पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट पाहिजे. उघडपणे, विनाखंड आणि शांततेनं. शांततेनं हा शब्द पाठ करा."

"शांततेनं कुनाला काय मिळालंया वकीलसायेब?"

"कायद्याला भांडण दिसलं, की हक्क दिसत नाही."

आत्तीला हे काही केल्या पटेना. मलाही पटलं नव्हतं. आमच्याकडं उलटं. बांध कोणाचा हे सांगायचं तर त्या बांधावर कोणाच्या आज्यानं कोणाचं डोकं फोडलं, हे सांगायचं. ज्या रानासाठी कोणी काठी उचलली नाही ते रान कोणाचंच नसतं. आणि इथं वकील सांगत होता, जुन्या नदीसाठी कोणी कोणाला बोटसुद्धा लावलं नाही असं शपथेवर बोला.

"तुमचे यजमान कसे वारले?" वकिलानं विचारलं.

"मारला."

"नाही. पंचनामा काय सांगतो? घसरून पडले."

"मारला."

"बाई, तसं बोललात तर जुनी नदी गेली. शेवंताबाईचा पाय फुकट गेला. बोला, घसरून पडले."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. शेवंता कुबडी धरून बाहेर बाकावर बसली होती. मग आत्ती म्हणाली, "घसारला." वकील म्हणाला, परत. "घसारला." त्या दिवशी विश्रामबागेपासून स्टँडपर्यंत ती एवढंच पुटपुटत चालली. घरी येऊन भाकरीला बसली आणि घास थुंकून दिला. म्हणाली, "चिखलावानी लागतंय."

पण कोर्टात ती साक्ष चांगली देऊन आली. सरकारी वकिलानं पुष्कळ घोळवलं. ती पाय जुळवून उभी, हात मागं, एकेक शब्द मोजून. भांडण? न्हाई. तंटा? कवा न्हाई. नवरा? घसारला. आमचा वकील रुमालानं तोंड पुसत होता. मालन माझ्या शेजारी बसली होती. "घसारला" म्हटल्यावर तिनं माझं मनगट धरलं ते आत्ती पिंजऱ्यातून खाली उतरेपर्यंत सोडलं नाही.

मग सरकारनं रावजीला आणला. जबडा मोडलेला माणूस, जुना वैरी. सरकारला वाटलं, हा सगळं ओकेल. रावजी पिंजऱ्यात चढला. वाकडं तोंड, केस पिकलेले. त्याला विचारलं, जबडा कोणी मोडला?

"बैलानं," रावजी म्हणाला.

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकिलाचा चेहरा उतरला. त्यानं परत विचारलं, लव्हाळ्यावरून दोन वाड्यांत मारामाऱ्या झाल्या का? रावजी म्हणाला, "न्हाई सायेब. आमी भावावानी ऱ्हातो." आमचा वकील खाली मान घालून हसत होता. पूर येतो तो पलीकडच्या वाडीलाही बुडवतो, हे रावजीला कळत होतं. वैर बाजूला ठेवून तो आमच्या बाजूनं खोटं बोलत होता. जुनी नदी त्या घटकेला वाचली होती.

सरकारी वकिलानं जाता जाता शेवटचं विचारलं. "मग हिचा नवरा कसा मेला?"

रावजीनं एवढंच म्हणायचं होतं की घसरला. पण त्याला वाटलं, गोष्ट पक्की करावी. म्हणाला, "दारू पिऊन पडला सायेब. लय प्यायचा."

मारुती थेंबाला शिवत नव्हता. मी आत्तीकडं बघितलं. ती उठली होती. मी तिचा पदर धरला, पदर माझ्या हातात राहिला. कोणी काही समजायच्या आत ती पिंजऱ्यात होती. "दारू? माजा धनी दारू पिऊन?" आणि तिचा बुक्का त्याच जबड्यावर बसला. पिंजऱ्याच्या लाकडावर रक्त उडालं. "बैलानं मोडला व्हय रं? बैलानं? म्या मोडला! ह्या हातानं! तुज्या काठीनं मेला त्यो! त्याच्या नाकातला चिखल म्या काडलाय!" शिपाई धावले. ती रावजीच्या छातीवर बसली होती, दोन्ही हातांनी हाणत होती, आणि प्रत्येक फटक्याला म्हणत होती, "बोल, न्हवता पीत. बोल, न्हवता पीत." रावजी शेवटी रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणाला, "न्हवता पीत." तेव्हा ती थांबली.

न्यायाधीशांनी तिला पाणी पाजलं. समजावून विचारलं, आधी शपथेवर सांगितलं ते खरं की आता ओरडलीस ते? आमचा वकील उभा राहून काही बोलायला लागला, आत्तीनं त्याला हातानं खाली बसवला. मग सगळं सांगितलं. काठी, चिखल, म्हाताऱ्यांची बैठक, अंगठा, बाजार, वल्हं. काही राखलं नाही. शेवटी म्हणाली, "ती नदी आमची हाय म्हनूनच त्यो मेला सायेब. आमची नसती तर कशाला मेला असता?"

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. आत्तीला जामीन मिळाला, आणि पुढच्या तारखेला दावा गेला. वहिवाट शांततेची नाही, साक्षी खोट्या. आमचा वकील बाहेर पायरीवर धापा टाकत बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, "माझा राग नाही तिच्यावर. माझ्या बापाला कोणी असं बोललं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक." रावजी मला पुढं एकदा भेटला. म्हणाला, "म्या चांगल्यासाठीच बोललो गड्या. दारूचं म्हनलं म्हंजी भांडनाचा इषयच मिटतोय, आसं वाटलं."

पुढचं थोडक्यात सांगतो. कोर्टातल्या मारामारीबद्दल आत्ती तुरुंगात बसून आली. अपील केलं, तेही टिकलं नाही. जुनी नदी भरली. आज तिथं पत्र्याची गोदामं आहेत, निम्मी रिकामी, आणि मोठ्या पुराला पाणी सरळ भोईवाड्यात येतं. आत्ती अंथरुणात मेली, तापानं. मालन म्हणायची, "अंथरुणात मेली ह्येचं तिला लय वाईट वाटलं आसंल."

पण मला डोळ्यांपुढं येते ती निकाल लागला त्या संध्याकाळची आत्ती.

एस.टी.तून उतरून आम्ही भोईवाड्याच्या तोंडाशी आलो, तर सगळ्या बायका उभ्या. निकाल आमच्याआधी पोचला होता. शेवंता पुढं आली, एका पायावर, आणि काखेतली कुबडी काढून आत्तीच्या खांद्यावर हाणली. मग बाकीच्या तुटून पडल्या. चपला, मुठी, जळणाची लाकडं. आत्ती खाली बसली. हात मांडीवर ठेवले. तो उजवा हात मी एवढा शांत पहिल्यांदाच बघितला. मी पुढं झालो तर म्हणाली, "पावणं, लांब हुबा ऱ्हावा." मालन आईच्या अंगावर पडायला धावली. "सर बाजूला," आत्ती ओरडली. "हक हाय त्यांचा. नदी त्यांची ग्येलीया."

ओठ फुटला होता. एक डोळा मिटत चालला होता. कोणी तरी पाठीत बुक्की घातली तर ती मान वळवून म्हणाली, "कोपरातनं हाणत्यात व्हय गं? खांद्यातनं हाण. माशी मारतीस का मानूस?"

शेवंता रडत रडत मारत होती. "तुज्या म्येलेल्या नवऱ्यापायी माजा पाय ग्येला. एक शबूद गिळला न्हाई तुज्याच्यानं?"

"गिळला हुता," आत्ती म्हणाली. "न्हाई पचला."

शेवंतानं कुबडी दोन्ही हातांनी उचलून तिच्या पाठीत घातली. कुबडी मधून मोडली. शेवंताचा तोल गेला आणि ती धुळीत बसली. बायका थांबल्या. एकेक जण आपापल्या दाराकडं निघून गेली. शेवंताला उठता येईना, मोडक्या लाकडाकडं बघत होती.

आत्ती गुडघ्यावर हात टेकून उठली. रक्त थुंकली. शेवंतासमोर पाठ करून वाकली.

"बस," म्हणाली. "घरला कशी जाशील?"

"मर तू तिकडं."

"मरतो मागनं. आदी बस."

शेवंता बसली. आत्तीनं तिला पाठंगुळी घेतलं, वाळका पाय काखेत नीट धरला आणि चालायला लागली, पाय फाकून, बोळातून खाली. शेवंता तिच्या मानेत तोंड घालून रडत होती आणि मुठीनं तिच्या खांद्यावर मारतच होती. मालन आणि मी बोळाच्या तोंडाशी उभे होतो. शेवंताचं दार येईपर्यंत ते धपाधप ऐकू येत होतं, आणि आत्तीचं, "हां. आसं. आता खांद्यातनं येतंय बघ."